समदुःखी : 'बॉर्डरलाइन' निदानानंतरचा एक आधार

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान मनोविकारतज्ज्ञ करतात. मग त्याविषयी एका बालरोगतज्ज्ञाने लेखणी का उचलावी, असा प्रश्न आपल्या मंडळातील मनोविकारतज्ज्ञ बंधुभगिनींना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या विकाराला नाव मिळते ते बहुधा विशीत. पण त्याच्या पहिल्या खुणा पुष्कळदा बारा ते सतरा या वयात उमटतात, आणि त्या वयातील मूल अद्याप आमच्याच दवाखान्याची पायरी चढत असते. वैशाखातल्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुडता घालून आलेली आणि रक्तदाब मोजण्यासाठी बाही वर करायला तयार नसलेली नववीतील मुलगी. मैत्रीण दोन दिवस बोलली नाही एवढ्यावरून रात्रभर रडून सकाळी पोटदुखीने तळमळणारी दुसरी. भिंतीवर मूठ आपटून हाताचे हाड मोडून घेतलेला दहावीतील मुलगा. यांतील प्रत्येकाला हा विकार असतो असे मुळीच नाही; बहुतेकांना तो नसतोच. परंतु ज्यांच्या बाबतीत तो पुढे निश्चित होतो, त्यांचे आईवडील निदानाचा कागद घेऊन पुष्कळदा पुन्हा आमच्याकडेच येतात, कारण बाळाच्या पहिल्या लसीपासूनची ओळख असते. 'डॉक्टर, हे नक्की काय आहे?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि 'असे आणखी कोणी आहे का?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुस्तकांत मिळते. प्रस्तुत लेख मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे.

तरीही पहिल्या प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण या विकाराचे नावच गोंधळात टाकणारे आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी न्यूरोसिस आणि सायकोसिस या दोन प्रांतांच्या सीमेवर रेंगाळणाऱ्या रुग्णांसाठी 'बॉर्डरलाइन' हा शब्द वापरला. ती सीमा आता कोणी मानत नाही, पण शब्द चिकटून राहिला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला अधिकृत स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांचे जुने कप्पे मोडण्यात आले. परंतु 'बॉर्डरलाइन धाटणी' एवढा एक शेरा तेवढा टिकला. रुग्ण मात्र 'बॉर्डरलाइन' म्हणजे थोडक्यात हुकलेला, अर्धामुर्धा आजार असे समजतो. मराठीत तर कोठे कोठे 'सीमारेषेवरील व्यक्तिमत्त्व विकृती' असे भाषांतर वाचावयास मिळते. सतरा वर्षांच्या मुलीला तिचे व्यक्तिमत्त्वच 'विकृत' आहे असे सांगण्यापेक्षा इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलेले बरे, असे माझे मत आहे. निदान 'विकार' म्हणावे; विकार बरा होऊ शकतो.

लक्षणे नऊ आहेत. सोडून दिले जाण्याची आत्यंतिक भीती, आज देव आणि उद्या दानव अशी टोकांवर झुलणारी नाती, आपण कोण याविषयीचा गोंधळ, खर्च, खाणे, व्यसन, वाहन चालवणे अशा गोष्टींतील घातक उतावीळपणा, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न, काही तासांत पालटणाऱ्या तीव्र भावना, सततची पोकळपणाची जाणीव, अनावर राग, आणि ताणाच्या वेळी तात्पुरता उद्भवणारा संशय किंवा आपण आपल्यापासूनच तुटल्यासारखे वाटणे. यांपैकी किमान पाच असली तर निदान होते. गणिताची आवड असलेल्या वाचकांनी हिशेब करून पाहावा : नवांपैकी पाच किंवा अधिक लक्षणे २५६ प्रकारे एकत्र येऊ शकतात, आणि एकाच निदानाच्या दोन व्यक्तींमध्ये केवळ एकच लक्षण समान असू शकते. समदुःखींचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकाच नावाखाली जमलेली माणसे एकसारखी असतीलच असे नाही.

हा विकार स्त्रियांचाच असाही एक समज आहे. दवाखान्यांत स्त्रिया अधिक दिसतात हे खरे. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या लोकसंख्या-पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. मुलगे 'तापट' किंवा 'व्यसनी' या शिक्क्याखाली दडून राहतात. २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू ब्रँडन मार्शल याने पत्रकार परिषद घेऊन स्वतःचे हे निदान जाहीर केले, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला तो यामुळेच.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. या निदानाच्या रुग्णाला सर्वाधिक दुखावते ते कोण, असे विचारले तर नातेवाइकांच्या खालोखाल आम्हा डॉक्टरांचे नाव घ्यावे लागेल. 'लक्ष वेधून घेते', 'नाटके करते', 'आपल्याला खेळवते' हे शब्द कॅज्युअल्टीत, वॉर्डात, इतकेच नव्हे तर केसपेपरवरही आढळतात. स्वतःच्या हाताने केलेली जखम शिवताना भूल द्यावयाची की नाही, हा प्रश्नच उद्भवू नये. पण इंग्लंडमधील नाइस या संस्थेला २००४ च्या मार्गदर्शिकेत अशा रुग्णांना पुरेशी भूल द्यावी असे मुद्दाम लिहावे लागले, यावरून परिस्थिती तिकडेही काय होती याची कल्पना यावी. डॉक्टरांकडून असा अनुभव आलेला रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याऐवजी गप्प बसतो.

हे गप्प बसणे जिवावर बेतते. मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९२ मध्ये या विकाराच्या २९० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा सुरू केला. चोवीस वर्षांत त्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांनी आत्महत्या केली. मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजू, जी रुग्णाला बहुधा कोणी सांगत नाही, ती अशी : दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे टिकेल इतकी ओसरली. नोकरी किंवा शिक्षण आणि एखादे स्थिर नाते यांसह आयुष्य पुन्हा उभे राहणे मात्र निम्म्यांनाच साधले. म्हणजे लक्षणे जातात, पण एकटेपणा मागे राहतो. औषधांनी तो भागत नाही. किंबहुना या विकारावर म्हणून खास असे कोणतेच औषध नाही आणि केवळ या निदानासाठी औषध देऊ नये, असे नाइसने २००९ मध्ये स्पष्टच म्हटले आहे. सोबत नैराश्य वा अन्य आजार असल्यास त्याचे उपचार अर्थातच करावे लागतात. मूळ विकारावर चालतो तो दीर्घ मुदतीचा मानसोपचार. तो देणारी प्रशिक्षित माणसे आपल्या देशात थोडी आहेत, तीही मोठ्या शहरांत आहेत, आणि आठवड्यातून एका तासापलीकडे ती रुग्णाबरोबर असू शकत नाहीत. उरलेल्या तासांचे काय?

मराठीत 'समदुःखी' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. सहानुभूती दाखविणारा वेगळा आणि समदुःखी वेगळा. पहिल्याला आपले दुःख समजावून सांगावे लागते. दुसऱ्याला नुसते 'काल पुन्हा तसे झाले' एवढे पुरते. या विकारात त्या फरकाचे मोल विशेष आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी मार्शा लिनेहान यांची उपपत्ती पाहावी लागेल. त्यांच्या मते काही मुले जन्मतः अधिक तीव्रतेने भावना अनुभवणारी असतात. अशा मुलाला जर वारंवार 'एवढे काय झाले रडायला', 'तुला काही दुखत नाही', 'उगीच कांगावा करू नकोस' असे ऐकावे लागले, तर आपल्याला जे वाटते ते खरे की खोटे, हेच त्याला कळेनासे होते. मग ते कधी सारे दाबून टाकते आणि कधी इतका आकांत करते की समोरच्याला दखल घ्यावीच लागते. येथे आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. आपल्या पिढीने ही वाक्ये ऐकली आणि म्हटलीही; तीच वाक्ये एका भावंडाला काहीच करीत नाहीत आणि दुसऱ्याला कायमची खुपतात. परंतु ज्याच्या भावनेला वर्षानुवर्षे कोणी 'खरी' म्हटले नाही, त्याला समदुःखीने 'मलाही असेच होते' म्हणणे म्हणजे काय, हे यावरून कळेल.

लिनेहान यांची स्वतःची कथा याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात काम करताना त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही उपचारपद्धती घडवली. १९९१ मध्ये तिची पहिली तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण या उपचाराने घटते असे दिसले. पुढे दोन दशके त्या या क्षेत्रातील सर्वमान्य अधिकारी होत्या. जून २०११ मध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथील इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग या रुग्णालयात त्यांनी भाषण केले आणि तेथे प्रथमच जाहीरपणे सांगितले की, १९६१ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी आपण याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होतो. त्या वेळी त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचे निदान करण्यात आले होते. स्वतःला इजा करण्यामुळे त्यांना एकांत खोलीत ठेवण्यात आले होते. इतक्या वर्षांनी हे का उघड केले, याचे कारण असे की त्यांच्या हातावरील जुन्या खुणा पाहून रुग्ण त्यांना, तुम्ही आमच्यापैकीच एक आहात का, असे विचारीत. २०२० मध्ये त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्यांना डॉक्टरकडून तंत्र हवे होतेच. पण त्या वाटेने आधी कोणी चालून गेले आहे का, हेही त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

समदुःखींचा आधार म्हटला की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर येते : गोल मांडलेल्या खुर्च्या आणि आळीपाळीने बोलणारी माणसे. हे चित्र १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने रूढ केले. मनोविकारांच्या क्षेत्रात शिकागोचे डॉ. अब्राहम लो यांनी १९३७ मध्ये अशाच प्रकारची संघटना उभारली. पुढे त्यात अनेक प्रकार आले. बरे होत आलेल्या व्यक्तीला प्रशिक्षण देऊन, पगार देऊन रुग्णालयातच 'समदुःखी कार्यकर्ता' म्हणून नेमणे हा त्यांतील एक. इंग्लंडमध्ये व्यक्तिमत्त्वविकारांविषयी कर्मचाऱ्यांना शिकविण्यासाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार झाला, त्यात प्रत्येक वर्ग एक व्यावसायिक आणि एक स्वानुभव असलेली व्यक्ती मिळून घेतात. ज्यांच्याविषयी शिकायचे त्यांच्याचकडून शिकायचे, ही कल्पना आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत केव्हा येईल ते पाहावे.

तसे पाहता महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक म्हणून काम करू लागली, आणि व्यसनी पतींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालू झाला. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. तेथील स्वमदत गटांत रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र येऊ लागले. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनेही आधारगटांची परंपरा जोपासली आहे. आणि आपल्या गुजरातेत २०१४ ते २०१६ या काळात सहा सरकारी मानसोपचार केंद्रांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स या उपक्रमाखाली, स्वतः आजार अनुभवलेल्या व्यक्तींना स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षित करण्यात आले. त्यात पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेचा पुढाकार होता. म्हणजे व्यसन आणि स्किझोफ्रेनिया यांच्या बाबतीत मराठी माणसाने जे घडवून दाखवले, ते या विकाराच्या बाबतीत घडवायला नव्याने शोध लावण्याची गरज नाही.

उपयोग किती होतो, हा आमच्या व्यवसायबंधूंचा रास्त प्रश्न. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये लंडनच्या सोनिया जॉन्सन व सहकाऱ्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र मानसिक संकटातून नुकत्याच सावरलेल्या, निरनिराळ्या निदानांच्या रुग्णांपैकी एका गटाला स्वानुभव असलेल्या कार्यकर्त्याबरोबर दहापर्यंत भेटी आणि एक कार्यपुस्तिका देण्यात आली; दुसऱ्याला नुसती पुस्तिका टपालाने पाठवली. वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २९ टक्के, तर दुसऱ्यात ३८ टक्के राहिले. फरक चमत्कार म्हणावा इतका नाही; पण एखाद्या गोळीने एवढा फरक पाडला असता तर वैद्यकीय प्रतिनिधी रोज आमच्या दारात उभे राहिले असते. निव्वळ बॉर्डरलाइनसाठीचा पुरावा याहून तोकडा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक लहान चाचणी मात्र निदानानंतरच्या काळासाठी महत्त्वाची आहे. झानारिनी व फ्रँकेनबर्ग यांनी २००८ मध्ये ५० तरुण स्त्रियांच्या बाबतीत दाखवले की, निदान सांगितल्यावर लगेच विकाराची नीट माहिती दिली, तर नात्यांतील वादळे आणि उतावीळपणा कमी होतो. निदान लपवून ठेवण्याची आपल्याकडील पद्धत किती तोट्याची आहे, याचा हा एक दाखला. ज्याला आपल्या आजाराचे नावच ठाऊक नाही, त्याला समदुःखी सापडणार तरी कसा?

आता धोक्याची बाजू. ती येथे विस्ताराने मांडतो आहोत, कारण उत्साहाने सुरू केलेले गट याच खडकावर फुटतात. तुटण्याची भीती हेच ज्यांचे मूळ दुखणे, अशी आठ-दहा माणसे एकत्र आली की नाती फार वेगाने जुळतात आणि तितक्याच वेगाने तुटतात. पहिल्या भेटीत सख्खी झालेली मैत्रीण तिसऱ्या भेटीला आली नाही, तर तो दिवस कठीण जातो. किशोरवयात तर स्वतःला इजा करण्याचे अनुकरण होते, हे शाळांच्या वसतिगृहांत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कोणाची जखम अधिक खोल, कोणाचे दुःख अधिक मोठे, अशी एक विचित्र चढाओढ सुरू होऊ शकते. आणि एखादी समजूतदार मुलगी सर्वांची रात्रपाळीची परिचारिका होऊन बसते. तिचा फोन पहाटे दोनला वाजतो आणि तिला 'नको' म्हणता येत नाही.

यावर डीबीटीच्या कौशल्यवर्गांतील काही नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. इजेचे तपशील वर्गाबाहेर एकमेकांना सांगायचे नाहीत. संकटाच्या वेळी दुसऱ्या सदस्याला फोन करण्याची मुभा आहे. पण ज्याने मदतीसाठी फोन केला, त्याने दिलेली मदत स्वीकारण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. गटात उघडपणे बोलता येणार नाही असे खाजगी नाते सदस्यांनी आपसांत जोडायचे नाही. हे वाचून कोणाला शिस्त कडक वाटेल. परंतु या विकारात प्रेमाइतकीच चौकटही लागते. त्यात मी एवढीच भर घालीन की गटाला एक नव्हे, दोन संचालक असावेत; एक जण आजारी पडला तरी बैठक रद्द होऊ नये. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली खोली. ज्यांच्या आयुष्यात काहीच टिकत नाही अशी त्यांची खात्री झालेली असते, त्यांच्यासाठी खोली न बदलणे हाही उपचार असतो.

गटात येणारे सारेच नुकते निदान झालेले असतील, तर बैठक एकमेकांच्या दुःखात बुडते. पाच-सात वर्षे पुढे गेलेली एक-दोन माणसे असावी लागतात. नोकरी करणारी, घर चालवणारी, अधूनमधून कोलमडणारी पण पुन्हा उभी राहणारी. त्यांचाही यात फायदा असतो. फ्रँक रीसमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेले तत्त्व असे की, मदत करणाऱ्यालाच पुष्कळदा मदत घेणाऱ्याहून अधिक लाभ होतो. आयुष्यभर 'तू सगळ्यांना त्रास देतेस' असे ऐकलेल्या माणसाला 'तुझ्यामुळे मला बरे वाटले' हे वाक्य ऐकायला मिळते, हा तो लाभ.

आमच्या वडोदऱ्यासारख्या गावात आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित जाणवणार नाही. गायकवाडांच्या काळापासून येथे स्थिरावलेला मराठी समाज मोठा आहे, पण तो एकमेकांना ओळखतो. दांडिया बाजारात राहणाऱ्या मुलीची मावशी रावपुऱ्यात, आणि मावशीची शेजारीण भजनी मंडळात. हळदीकुंकवाला, गणेशोत्सवाला, नाट्यस्पर्धेला तेच चेहरे भेटतात. अशा समाजात 'मराठी मुलांचा आधारगट' काढला, तर पहिल्याच बैठकीत कोणाची तरी चुलत वहिनी समोर बसलेली असेल. आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांना ही कल्पनाही सोसवत नाही. त्यांची भीती अवास्तव आहे असे म्हणून चालणार नाही. म्हणून गट समाजाचा नसावा, गावाचा असावा. मराठी, गुजराती, हिंदी जे कोणी येतील त्यांचा. समाजाच्या मंडळांनी जागा द्यावी, खर्च उचलावा, पण यादी मागू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही उपचारांसंबंधीच्या गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. तो डॉक्टरांना बांधतो, पण गटातील सदस्याला बांधतो तो केवळ शब्द. तो शब्द प्रत्येक बैठकीच्या आरंभी नव्याने घ्यावा.

भाषेचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, उलट पुढे येतो. आपल्या मुलांची मराठी घरातली आहे. तीत जेवण, देवघर, नातीगोती यांचे शब्द भरपूर, पण मनाच्या अवस्थांचे थोडे. ती मुले शाळेत इंग्रजीत शिकतात, रस्त्यावर गुजरातीत बोलतात आणि रागावतात बहुधा हिंदीत. दवाखान्यात 'तुला आत काय वाटते?' असे विचारल्यावर एका मुलीने बराच वेळ विचार करून 'कसेतरी' एवढेच उत्तर दिले होते. आईला ते आळसाचे उत्तर वाटले. मला वाटते, तिच्याजवळ मराठीत एवढाच शब्द होता. मिश्र भाषेच्या गटात अशा मुलांना एकमेकांकडून शब्द मिळतात, आणि भावनेला नाव देता येणे ही तिला आवरण्याची पहिली पायरी आहे, असे डीबीटीही सांगते.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी प्रौढांचा गट योग्य नाही, याविषयी माझे मत ठाम आहे. या वयात निदान करूच नये असे पूर्वी मानीत. आता तसे मानत नाहीत. डीएसएममध्येही लक्षणे किमान वर्षभर टिकून असतील तर अठराच्या आत निदानाला मुभा आहे, आणि मेलबर्नमध्ये अँड्र्यू चॅनेन यांनी कुमारवयीनांसाठीच खास सेवा उभारली आहे. लवकर ओळखणे चांगले. पण या मुलांचा गट वेगळा, लहान, पालकांच्या संमतीने आणि प्रशिक्षित व्यावसायिकाच्या उपस्थितीत चालणारा हवा. येथे आम्हा सर्वांना एक कायदेशीर जाणीव हवी. या विकाराच्या पुष्कळ रुग्णांच्या, सर्वांच्या नव्हे, पूर्वायुष्यात बालपणीचा छळ आढळतो. गटात एखाद्या अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे संचालकाला बंधनकारक आहे. 'येथे बोललेले येथेच राहील' असे वचन मुलांना देण्यापूर्वी त्याला हा अपवाद आहे, हे त्यांना आधीच सांगितले पाहिजे. नंतर सांगणे म्हणजे विश्वासघात.

राहिले आईवडील. त्यांनाही समदुःखी लागतात, कदाचित मुलाहून आधी. अमेरिकेत पेरी हॉफमन आणि ॲलन फ्रुझेटी यांनी 'फॅमिली कनेक्शन्स' नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम घडवला. तो चालवितात प्रशिक्षण घेतलेले कुटुंबीयच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या अभ्यासात सहभागी कुटुंबीयांचे ओझे आणि दुःख कमी झाल्याचे आणि परिस्थिती हाताळता येते ही भावना वाढल्याचे आढळले. मला तो आवडतो तो त्यातील एका साध्या धड्यासाठी : मुलाचे वागणे मान्य नसले तरी त्याची भावना खरी मानता येते. 'तू दार आपटलेस ते मला चालणार नाही. पण तुला किती वाईट वाटले असेल ते मला कळते' ही दोन वाक्ये एका श्वासात म्हणायला शिकण्यासाठी बारा आठवडे लागतात, हे ऐकून हसू येईल. स्वतःच्या घरी प्रयोग करून पाहिल्यावर येणार नाही. वडोदऱ्यात एखादा गट आरंभ करावयाचा झाल्यास मी तो पालकांपासून करीन. त्यांना जमवणे सोपे, धोका कमी, आणि त्यांच्यात जरी थोडा बदल झाला तरी घरातील हवा पालटते.

गट पंधरा दिवसांतून एकदा भरतो. मनाचे वादळ तिथी पाहून येत नाही. म्हणून प्रत्येक सदस्याजवळ, शांत मनःस्थितीत, स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद असावा : वादळ चढू लागले की मला काय जाणवते, त्या वेळी मी प्रथम काय करीन (थंड पाण्याने तोंड धुणे, गच्चीवर न जाता अंगणात फिरणे), घरातील कोणाला उठवीन, आणि तेही जमले नाही तर कोणता क्रमांक लावीन. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठी-गुजरातीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. जिवाला धोका असेल तर १०८. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसी ससेमिऱ्याच्या भयाने रुग्णाला घरीच ठेवणारी कुटुंबे अजूनही भेटतात. त्यांना सांगावे की २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरते आणि शिक्षेपासून संरक्षण देते. कागदाची एक प्रत घरात औषधांच्या डब्याजवळ ठेवावी, आणि औषधांचा तो डबा मात्र कुलपात. दुसरी प्रत मोबाईलच्या कव्हरमागे मावेल इतकी लहान घडी घालून.